सव्वीस टाचण्या

"पुढचा," बाळाचार्य सर म्हणाले.

कीटकांची पेटी त्यांच्या बाजूला कलती धरून, खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडं बघत यमुनानं पाठ म्हटलं, "अतिपरजीवी. परजीवीच्याच जिवावर जगणारा कीटक. स्थळ धारवाड. पोशिंदा, म्हणजे ज्याच्या पोटात तो वाढला तो, कोबीच्या अळीतली इवलीशी गांधीलमाशी."

"आणि हा शब्द वापरायचा कधी?"

"अळीतून माशी निघाली तर ती नुसती परजीवी. त्या माशीच्या पोटातून आणखी एक निघाली, तरच अतिपरजीवी. नाहीतर मार्क कापणार."

सर खूश होऊन हसले.

बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी, पण माझ्या पेटीत मराठीच, हा त्यांचा जुना हट्ट. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि यमुना त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दाजीबानपेठेतून आणलेली मलमल बाटल्यांच्या तोंडाला बांधून दोघांनी अळ्या पाळल्या. फुलपाखराची वाट बघावी तर कोषातून भलतंच काही निघायचं. ज्या दिवशी त्या भलत्यातूनही आणखी भलतं निघालं, त्या दिवशी सरांनी अख्ख्या डिपार्टमेंटला चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊ घातलं. काय दिवस होते ते! यमुनाला आजही त्या दिवसाची आठवण झाली की जीव हलका होई.

सव्वीस कीटक, सव्वीस टाचण्या, प्रत्येकीला तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांची चिठ्ठी. रिटायर झाल्यावर सरांनी ती पेटी यमुनाच्या रायापूरच्या घरी ठेवायला दिली. काम एकच सांगितलं होतं, डांबराच्या गोळ्या वेळेवर बदलायच्या. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी यमुना नेमकं तेच विसरली. पुढं पेटी उघडली, तर किड्यांना किड्यांनीच फस्त केलेलं. उरल्या टाचण्या, चिठ्ठ्या आणि चिमूटभर भुसा.

तोवर मोतीबिंदूनं सरांना नीट दिसेनासं झालं होतं, आणि ऑपरेशन म्हटलं की त्यांना कापरं भरायचं. नात वेदश्री महिन्यातून एकदा त्यांना स्कूटरवरून आणून सोडायची. काळा चष्मा सावरत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "आहेत ना गं सगळे?" आणि यमुनाच्या तोंडून निघून गेलं, "आहेत की!"

त्याला आता सहा वर्षं झाली. रिकामी पेटी तिला बघवत नसे, म्हणून ती पेरूकडं बघत म्हणायची. वाळलेल्या कीटकाला बोट लावायचं नाही हा सरांचाच नियम, त्यामुळं निभावलं.

पण उद्या सर कायमचे बेंगळूरला मुलाकडं चालले होते. या माणसाला फसवून पाठवायचं नाही, आज सांगूनच टाकायचं, असं तिनं सकाळी देवापुढं ठरवलं होतं.

सव्वीस संपले. नेहमीसारखी पेटी त्यांच्यापुढं स्टुलावर उघडीच ठेवून ती चहा करायला आत गेली. परत येऊन चहा ओतता ओतता तिनं धीर केला.

"सर, या पेटीचं एक सांगायचं राहिलंय..."

"साकु, साकु. पुरे," ते म्हणाले. कप काठोकाठ भरला होता.

तिनं किटली खाली ठेवली. "सर, मी..."

"यमुना, पेटी तुझ्याकडंच राहू दे. इतकी वर्षं तूच ती जिवंत ठेवलीस."

जे सांगायचं ते तिच्या ओठांवरच राहिलं. बाहेर वेदश्रीनं हॉर्न दिला. यमुनानं वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "गोळ्या बदलत जा गं."

स्कूटर दिसेनाशी झाल्यावर ती पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं नव्या गोळ्यांची पुडी काढली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पेटीत नीट बघितलं.

टाचण्या सत्तावीस होत्या.

कोपऱ्यातल्या शेवटच्या टाचणीला सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तांदळाएवढी अक्षरं, एकही रेघ हललेली नाही. तारीख चार वर्षांपूर्वीची.

'अतिपरजीवी. स्थळ: रायापूर. पोशिंदा: यमुनाची थाप. तिच्या पोटात वाढलेली: माझी.'