भुवईतली कडी

लेकीने भुवई टोचून घेतली तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. पण कापसाचा बोळा मिठाच्या पाण्यात बुडवून रोज जखम पुसायची ती आईच. तोंडाचा पट्टा मात्र सुरूच. "एवढं ठणकतंय तर काढून फेक ना ती कडी!"

"काढली की भोक बुजतं गं आई. जखम भरेपर्यंत काढायची नसते," लेक कळवळत म्हणायची.

आज शवागारातल्या माणसाने लेकीचं घड्याळ आणि ती कडी पाकिटात घालून आईच्या हातात ठेवली. आई त्याच्यावर खेकसलीच, "काढलीत कशाला? आधी परत घाला, भोक बुजेल ना तिचं!"

त्याने मान खाली घातली.

"आता नाही बुजणार, ताई."