चार तास खुर्चीत

मी बांधकामावर क्रेन चालवतो. वरच्या केबिनमध्ये संडास नसतो आणि मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला जखमा. सहा महिने मी जमिनीवरच काढले. डॉक्टरांची औषधं, व्हिटॅमिन डी, लोहाच्या गोळ्या आणि उकडलेलं गाजर यांच्या जोरावर पोट ताळ्यावर आलं. “शेजारीण विचारते, ससा पाळलाय का,” बायको डबा भरताना म्हणाली. साहेबांना मात्र पुरावा हवा होता. “या खुर्चीत चार तास न उठता बस. जमलं तर उद्यापासून वर.” तीन तास पन्नास मिनिटं पोट गप्प होतं. मग आगीचा भोंगा वाजला आणि ऑफिसातले सगळे बाहेर पळाले. “अरे, ऊठ की,” साहेब खिडकीतून ओरडले. “दहाच मिनिटं राहिलीत, साहेब.” धूर आत आला. वेळ भरल्यावर बाहेर आलो. साहेबांनी माझ्या पुन्हा क्रेनवर जाण्याच्या अर्जावर शेरा मारला: “पोट उत्तम. डोकं तपासून आणा.”