घशातला काटा

धानाच्या रोवणीच्या तोंडावर चांदी गाय चारा घेईना, पाणीही पिईना. नुसती लाळ गळत होती. "काटा अडकला वाटते," म्हणत सुकरूने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. मनगट दातांनी खरचटलं, पण काटा काही सापडला नाही. गाय मेली. मग गुराखी बोलला, "मोहफुलाच्या दिवसांत कोल्हा चावला होता तिले. पिसाळला असन."

धान कापताना सुकरूने पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तहान होती, पण घोट उतरेना.

त्याची बायको जैवंता धावत आली. "घशात काई अडकलं का जी? आ करा, मी पाहतो."

सुकरूने तोंड फिरवलं.

"हात घालू नोको. चांदीच्याबी घशात काईच नव्हतं."