एक घंटी म्हणजे हो

पडद्यावर लाल विमानं पुन्हा आली. चारच होती. पण डोंगरावरून सुसाट खाली उतरली, खाणीत खणणारे तिचे मजूर टिपले आणि तिचे सैनिक तिथे पोहोचायच्या आत दिसेनाशी झाली.

"अहो फोरमन, डोळा लागला की काय?" स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला. "इतके दिवस तोंड दाखवलं नाहीत, आणि आज उगवलात ते मजूर मारून घ्यायला!"

तिला बोलायची सोयच नव्हती. बाबांच्या संगणकाचा माईक केव्हाच बिघडला होता आणि त्यांनी तो कधी बदलला नाही. मास्तर बोलायचे; बाबा पडद्यावरच्या नकाशावर टिचकी मारायचे, की दोघांकडेही घंटी वाजायची. एक घंटी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. याहून जास्त बोलायला असतं काय, असं बाबांचं म्हणणं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. रोज दुपारी या खेळात एका बाजूने लढायचे, एवढीच ओळख.

बाकी सगळ्यांना कळवून झालं होतं. नातेवाईक, कारखान्यातले जुने सोबती, बँक, दूधवाला. मास्तर तेवढे राहिले होते. त्यांचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. म्हणून आज आईला जरा पडायला लावून, दार लोटून, ती बाबांच्या 'फोरमन' या नावाने खेळात शिरली होती. 'मास्तर, तुम्हाला कळवायचं होतं' इथवर लिहिलं आणि खोडलं. तेवढ्यात मास्तरांनी डावाला बोलावलं, आणि तिचं बोट 'चला'वर पडलं.

विमानं उत्तरेला चमकली. तिने सगळं सैन्य उत्तरेला पळवलं. विमानं वळसा घालून दक्षिणेकडून आली. सैन्य दक्षिणेला. तोवर पुलापाशी कुणीतरी किंचाळलं. सैन्य पुलाकडे. गेले काही दिवस घरातही ती अशीच वागत होती. आईच्या हातून भांडं पडलं की धाव, नळ जास्त वेळ वाहिला की धाव, काहीच आवाज आला नाही तर आणखी जोरात धाव. आणि दर वेळी पोहोचेपर्यंत आई डोळे पुसून मोकळी झालेली.

"अहो, मागे काय धावताय?" मास्तर ओरडले. "पायी धावून विमान हाती लागतं का? तोफा कुठायत तुमच्या? मी असा धावायचो तेव्हा माझ्या खाणीवर घंट्या वाजवून वाजवून कान किटवलेत तुम्ही माझे. तिथे दोन तोफा उभ्या करेपर्यंत सोडलं नाहीत! त्यांना जे हवंय त्याच्यापाशी बसा, येतील झक मारत, हे मी तुमच्याकडूनच शिकलो आणि आज तुम्हीच..."

मास्तर मध्येच थांबले.

"फोरमन कधी धावत नाहीत," ते हळू म्हणाले. "फोरमनच आहात ना?"

तिने नकाशावर टिचकी मारली. मग आणखी एक. टिंग, टिंग.

"घरातलं कुणी?"

टिंग.

मागे दार करकरलं. आई उभी होती. एका बाजूचे केस उशीने चपटे झालेले, पदर कसाबसा खांद्यावर.

"घंटी वाजली," आई म्हणाली. "म्हणून आले."

"काही नाही गं. तू पड जा."

आई गेली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिली.

"आजारी आहेत का?" मास्तरांनी विचारलं.

टिंग. तिने श्वास घेतला. टिंग.

नकाशाचा एक कोपरा लाल होऊन उघडझाप करू लागला. विमानं परत आली होती. तिने सैन्य हलवलं नाही. तिचा हात माऊसवर होता आणि तो तिचा नसल्यासारखा पडून होता.

"मग..." मास्तरांनी घसा खाकरला. "गेले का हो?"

एकच टिचकी मारायची होती. त्यासाठीच तर ती आली होती. बोट हलेना. मजूर एकेक करून पडत होते.

खांद्यावरून आईचा हात पुढे आला. तिच्या हातावर टेकला. आईने तिच्या बोटावर बोट ठेवलं आणि दाबलं.

टिंग.

दोघी दुसऱ्या घंटीची वाट पाहत असल्यासारख्या थांबल्या. ती वाजली नाही.

स्पीकरमधून काही आलं नाही. मास्तर खेळ सोडून गेले असतील असं तिला वाटलं. मग नकाशाच्या त्या टोकाला, मास्तरांच्या खाणीपाशी काहीतरी हललं. त्यांच्या दोन तोफा. वळल्या आणि निघाल्या. कासवाच्या चालीने पूल ओलांडून, डोंगराला वळसा घालून इकडे येऊ लागल्या.

"अहो मास्तर, तुमची खाण उघडी पडली," ती मोठ्याने म्हणाली.

"त्यांना ऐकू नाही जात," आई म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

मास्तरांचा कोपरा लाल झाला. विमानं आता तिकडे उतरली होती. तोफा मागे वळल्या नाहीत. बाबांच्या खाणीपाशी, उरलेल्या तीन मजुरांच्या दोन्ही बाजूंना येऊन त्या थांबल्या आणि त्यांनी आपापली तोंडं आभाळाकडे केली.