वारा की पाणी

क्लोव्हिसने छपरावर कुऱ्हाडीचा दणकून घाव घातला. फळीचा तुकडा उडून खाली रेमीच्या पायाशी पडला.

"शिडी नीट धर, मुडद्या! मी पडलो तर माझा विमा नाहीये."

"पण घराचा आहे ना?" रेमी म्हणाला. "घर बुडालंय, तर घराचे पैसे मिळणारच. मग हे कशाला?"

"मलाही तेच वाटत होतं." क्लोव्हिसने पुढचा घाव असा घातला, जणू खाली कोणाचं तरी डोकं आहे. "इतकी वर्षं हप्ते कोणी भरले? मी. एजंट दात काढून म्हणाला, काळजीच नको, सगळं आलं यात. आता फोन केला तर म्हणतो, वाऱ्याने मोडलं तर देऊ. पुराचं पाणी यात येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी. तेव्हा बोलायला काय झालं होतं साल्याला?"

म्हणून आता छपराला वाऱ्याने भोक पडणार होतं. विमा कंपनीची सर्व्हेअर यायच्या आत. आधी वारा, मग भोकातून पाऊस, मग घर सडलं. असं सांगायचं ठरलं होतं.

लुईझियानाच्या दलदलीत वादळ काही नवं नाही. पण यावेळी समुद्र सरळ घरात घुसला. शेडमधली बापाची, म्हणजे पॉपची, सगळी हत्यारं खाऱ्या पाण्याने तांबडी झाली होती. पॉपला शिस्तीचं वेड. प्रत्येक हत्यार भिंतीवर टांगायचा आणि पांढऱ्या रंगाने त्याच्याभोवती त्याचा आकार काढायचा. हत्यार परत त्याच आकारात गेलं नाही की पट्टा निघायचा. रेमी पोटचा, त्याला चामड्याची बाजू. क्लोव्हिस सावत्र, त्याला बक्कलची.

"ही कुऱ्हाड बरी गंजली नाही," रेमी म्हणाला.

"माझ्या गाडीत होती. वादळाच्या आधीपासून." क्लोव्हिसने अंगठ्याने पातं पुसलं. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. "मी वरच्या गावाला पळालो, म्हणून हीपण वाचली. तुझा बाप काय आला नाही. म्हणे, माझं घर सोडून मी हलणार नाय."

पॉप माळ्यावर मेलेला सापडला होता. बोटवाल्यांनी बाहेर काढला. इकडे प्रत्येक घरात माळ्यावर कुऱ्हाड असतेच. पाणी वर चढलं की छप्पर फोडून निघायचं. शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"त्याने छप्पर का नाही फोडलं रे?"

"ढोसून पडला असेल. दुसरं काय!"

वादळात रेमी टेक्सासला तेलाच्या कामावर होता. आला तो थेट चर्चमध्ये. शवपेटीत पॉपच्या हातात पांढरे हातमोजे होते. पॉपने जन्मात कधी हातमोजे घातले नव्हते. रेमीला वाटलं, मेल्यावर घालत असतील.

"मला नाही जमणार हे," तो अचानक म्हणाला. "सर्व्हेअर बाईने विचारलं तर मी खरं सांगेन. पाणी होतं."

क्लोव्हिस शिडीवरून उतरला नाही, त्याने उडीच मारली. पहिला ठोसा नाकावर, दुसरा पोटात. रेमी चिखलात आडवा झाला, तसा मानेवर बूट आला.

"बोल आता. काय होतं?"

"पा..."

बूट आणखी दाबला. "काय होतं?"

"वारा," रेमी रक्त थुंकत म्हणाला.

तेवढ्यात गाडी आली, म्हणून बूट निघाला.

सर्व्हेअर बाई जाडजूड होती, एका गुडघ्याला पट्टा. तिने रेमीचं नाक बघितलं. "हेपण वाऱ्यानेच का?"

"पडला तो," क्लोव्हिस म्हणाला. "तुम्ही छप्पर बघा मॅडम. पार फाडलंय."

तिने छप्पर बघितलं. मग भिंतीवर पार वरपर्यंत गेलेला चिखल बघितला. "बाळा, वारा फळ्या उपटतो. तासत नाही. पुराचं आम्ही देत नाही. आणि माणसाने मुद्दाम केलेलं तर कोणीच देत नाही."

क्लोव्हिसने कुऱ्हाड फिरवली. तिच्या गाडीची काच खळकन फुटली. पुढचा घाव बॉनेटमध्ये रुतला.

"लिही वारा! लिही म्हणतो ना!"

बाई मागे सरकली, पण आवाज चढवला नाही. "बरं, बरं. आतून तर बघू दे. एखादा वासा वाऱ्याने मोडला असेल, तर तेवढं तरी लिहिता येईल. या गुडघ्याने मला चढता येत नाही. तू जा रे, फोटो काढून आण."

क्लोव्हिस धापा टाकत थांबला. त्याने मानेनेच रेमीला जा म्हटलं.

रेमी माळ्यावर चढला. आत कुजका वास होता. क्लोव्हिसने पाडलेल्या भोकातून उजेड येत होता, पण कोपऱ्यांपर्यंत पोचत नव्हता. रेमीने फोनची बॅटरी लावली. वासे सगळे धड होते.

फळ्यांवर मात्र ओरखडे होते. आतून. एकावर एक, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. एका फटीत अख्खं नख अडकलं होतं. खाली चमचा पडला होता, वाकून दुमडलेला.

रेमीने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग त्याला हातमोजे आठवले.

"सापडलं का रे काही?" खालून क्लोव्हिस ओरडला.

बॅटरीचा उजेड टोकाच्या भिंतीवर गेला. तिथे दोन खिळे होते, रिकामे. त्यांच्याभोवती पॉपने पांढऱ्या रंगाने कुऱ्हाडीचा आकार काढला होता. पात्याचा एक कोपरा तुटलेला.