कॅनिबल म्हणजे कोण

डॉमिनिका बेटावरच्या एका हॉटेलात ओडेट वालमंड आपल्या कालिनागो जमातीच्या मुलींना घेऊन नाचायची. त्यावरच सगळ्यांची चूल पेटायची. एका शनिवारी मॅनेजर लेनक्सने प्लास्टिकच्या हाडांच्या माळा तिच्यापुढे टाकल्या.

"या घाला, मावशी. पाहुण्यांना माणसं खाणारे बघायचेत."

"आम्ही कधी माणसं खाल्ली रे?"

"अहो, इंग्रजीतला 'कॅनिबल' शब्दच तुमच्या जमातीच्या नावावरून आलाय. जगभर एवढं नाव झालंय, अन् तुम्ही कसल्या रुसताय!"

ओडेट माळा ओलांडून मंचावर गेली. "मंडळी, पाचशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राणीने हुकूम काढला होता, की गुलाम करायचं ते फक्त माणसं खाणाऱ्यांना. मग तिच्या लोकांना बेटाबेटावर आम्ही माणसं खातानाच दिसायला लागलो. आमच्या नावाला तो अर्थ तेव्हा कायमचा चिकटला."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने लाडिकपणे विचारलं, "पण खरं सांगा ना, चव कशी असते हो?"

ओडेटने तिला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. आता कामावर पाणी सोडावं लागणार, हे तिला कळून चुकलं होतं.

"खाल्लंही असतं हो एखादं," ती म्हणाली, "पण तुमच्यासारखी माणसं समोर आली की भूकच मरते."