चाळिसाव्याचं जेवण

निश शहरातल्या बस थांब्याजवळच्या झाडावर मृत्यूची चार पत्रकं डकवली होती. रादोशने पाठीवरचं ओझं उतरवलं आणि खानावळीची पाटी वाचावी तशी ती वाचली.

"हे बघ. ओग्नेन, बावीस वर्षांचा, अपघातात गेला. आज चाळिसावा दिवस. बाराला घरी जेवण. इथंच आहे, दोन गल्ल्या टाकून."

"लाज कोळून प्यायलायस," तासा म्हणाली. "मी कोपऱ्यावर थांबते. माझ्यासाठी बांधून आण."

परीक्षा संपल्यावर दोघं नोवी सादहून भटकायला निघाले होते. सोफिया, स्कोप्ये, बितोला. झोपायला स्टेशन, जेवायला मयताचं घर. रादोशचा त्यात हातखंडा होता. तोंड पाडायचं, उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा खायचा, 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं. कुणी ओळख विचारलीच तर एक वाक्य पाठ होतं. दुखवट्याच्या घरात कुणी खोलात शिरत नाही, उलट आग्रहानं वाढतात.

ओग्नेनच्या वडिलांनी, मिलुतीननी, त्याला शेजारीच बसवलं. आई देसांका कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचे रोल वाढत होती.

"कुठली ओळख, बाळा?"

"कॉलेजातली, काकू. जिवाभावाचा होता."

"अपघात झाला तेव्हा कुठे होतास?"

"त्याच्याजवळच. शेवटपर्यंत सोबत होतो मी."

टेबलावरचे चमचे थांबले. या वाक्यानं माणसं हळवी होतात हे रादोशला माहीत होतं. त्यानं मान आणखी खाली घातली.

देसांकानं त्याच्या गालावर हात ठेवला. "म्हणजे गाडीत होतास?"

"त्याच्या शेजारीच, काकू."

तिनं अजून दोन वाढले. "खा." ती आत गेली आणि परत आली नाही. रादोशनं तासासाठी एक हळूच रुमालात गुंडाळला. टेबलाच्या टोकाचा काका उठून अंगणात गेला. फाटकाला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मिलुतीननी मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं.

"माझा पोरगा जळत्या गाडीत अडकून ओरडत होता," ते शांतपणे म्हणाले. "शेजारी बसलेला दार उघडून पळाला, एवढंच कळलं होतं. चाळीस दिवस शोधतोय आम्ही तुला."